वडूजच्या मावशींचं ऑर्किड

वडूजच्या मावशी विचारल्याशिवाय झाडालाही पाणी देत नसत. कुंडीपाशी बसून मुळीला बोटाचं टोक लावायच्या, क्षणभर थांबायच्या आणि बहुतेक वेळा तांब्या तसाच परत आणायच्या. "न्हाई म्हंतीया," एवढंच सांगायच्या.

माझ्या आईची देखभाल करायला त्या सांगलीला आमच्याकडे कामाला म्हणून राहायला आल्या. आईचं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. डोळे तेवढे फिरत. मावशींचं माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं, कोरड्या माळावरचं. ऑर्किड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते मैत्रिणींनी वाढदिवसाला दिलेलं. आईला पलंगावरून दिसावं म्हणून पूर्वेच्या खिडकीत ठेवलं होतं आणि बँकेत जाताना मी रोज न चुकता पाणी घालत होते. फुलं गळली, पानं सुरकुतली, तसं मी पाणी आणखी वाढवलं.

मावशींनी तिसऱ्याच दिवशी ते कुंडीतून उपसलं. मुळ्या काळ्या, लिबलिबीत झालेल्या.

"ताई, आमच्याकडं झाडं पान्याबिगर मरत्यात. तुमच्याकडं पान्यानं."

कुजलेलं सगळं त्यांनी ब्लेडनं कापलं, कापल्या जागी हळद लावली आणि नारळाच्या सोडणाचे नि कोळशाचे तुकडे भरून ते पुन्हा लावलं. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मुळी पांढरी पडली की तहान. हिरवी हाय तवर गप बसायचं."

नवं पान आलं, तेव्हा त्यांनी आईला खिडकीकडे कुशीवर वळवलं. "बगा आक्का, बोटभर झालं!" आई बराच वेळ पाहत राहिली. त्यानंतर रोज सकाळी हे ठरूनच गेलं.

मार्चअखेरीला वडूजहून फोन आला. मावशींची स्वतःची आई अत्यवस्थ होती. बँकेत वर्षअखेरीची कामं, रजा मिळणं अशक्य. मी म्हणाले, "मावशी, रविवारपर्यंत थांबाल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "थांबते."

शनिवारी सकाळी त्यांची आई गेली.

त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. तेरावं उरकून आल्या. पिशवी ठेवली, आईचं अंग पुसलं, मग खिडकीशी गेल्या. मी भीतभीत दोनदाच पाणी दिलं होतं. एक नवी मुळी कुंडीबाहेर डोकावत होती. मावशींनी तिला बोटाचं टोक लावून पाहिलं. मी माफी मागितली नाही. धीरच झाला नाही.

पुढच्या माघात ऑर्किडला पाच जांभळी फुलं आली. आईनं ती पाहिली. ती गळायच्या आत आई गेली.

दिवसकार्य झाल्यावर मावशी निघाल्या. मी कुंडी पुढे केली.

"नगं ताई. माळावर भाजून मरंल ती."

तेव्हा मला रडू फुटलं. "मावशी, मी त्या वेळी तुम्हाला अडवायला नको होतं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझे डोळे पदरानं पुसले. "तुमी कुठं अडवलं? आक्कांनी माजा पदर धरला हुता. त्यो सोडवून जाववंना मला."

आईच्या हातात पदर धरण्याइतकी ताकद त्या काळात कधीच नव्हती. आणि हे मावशींइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.