आठ घरांचं शिसं

पाणबुड्याचं सामान घ्यायला आम्ही कोकणात गेलो ते वर्ष दुष्काळाचं. लोक हसले. हसणारच की! ज्या जिल्ह्यात बाया टँकरमागं घागरी घेऊन पळतात, तिथली मच्छीमार सोसायटी पाण्याखाली श्वास घ्यायचं सामान आणायला निघाली. पण आमचं गाव माजलगावच्या धरणामागच्या पाण्यावर. पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं जवळ यायची आणि जाळी त्यांत अडकून फाटायची. ती सोडवायला मी दम धरून खाली जायचो. माझ्याएवढा दम गावात कुणाचा नव्हता आणि त्याची मला लई घमेंड होती, हे आधीच सांगून टाकतो.

चेअरमन माझ्याबरोबर आले. जन्मभर त्यांनी बैलं पारखलेली. दुकानातही ते तसेच, प्रत्येक वस्तू दाबून, ओढून, वास घेऊन बघत होते. डोळ्यांवरचा मुखवटा पट्टा न लावता तोंडाला धरायचा आणि नाकानं श्वास आत ओढायचा. चिकटून राहिला तर आपल्या मापाचा. माझा एकही चिकटेना. दुकानदार म्हणाला, मिशी आडवी येते, काढून टाका. चेअरमनचं डोकंच फिरलं. "याचा बाप जिता हाय," असं त्यांनी दुकानदाराला ऐकवलं. बाप असताना मिशी उतरवायची म्हणजे काय हे त्या माणसाला कुठून कळणार! शेवटी मिशीला व्हॅसलीन चोपडायचं ठरलं. अंगातला रबरी सूट दोन प्रकारचा होता, पातळ आणि जाड. जाड टिकतो म्हणून चेअरमननी जाड घेतला. जेवढा जाड तेवढा तो माणसाला वर ढकलतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आणि जाकीट. त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. चेअरमन म्हणाले, बीडच्या उन्हात सुटावर आणि जाकीट कशाला? त्यांना नावं ठेवत बसत नाही, कारण मीही मान डोलावली. लहानपणापासून पोहणाऱ्याला फुग्याची काय गरज, असं मीच म्हणालो. जाकिटाऐवजी हवेची टाकी पाठीला बांधायचे नुसते पट्टे घेतले.

शिकवणाऱ्या माणसानं आठ दिवस समुद्रात माझी पिसं काढली. जाकीट नसेल तर सगळा खेळ कमरेच्या शिशाचा, हे त्यानं डोक्यात बसवलं. छातीभर श्वास घेऊन हातपाय न हलवता उभं राहायचं. पाणी डोळ्यांशी आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळूच खाली गेलं पाहिजे. धपकन गेलास तर शिसं जास्त, गेलाच नाहीस तर कमी. समुद्रात मला आठ किलो लागलं. निघताना त्यानं बजावलं, की खारं पाणी माणसाला जास्त वर उचलतं, तुमच्या गोड्या पाण्यात दोन-तीन किलो कमी कर आणि तिथं पुन्हा तोलून बघ. मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही.

पण गावात आमच्या आधी आठचा आकडा पोचला होता. चेअरमननी फोनवर सांगून टाकलेलं. सोसायटीत आठ घरं, आठ किलो शिसं, मग काय, देवानंच जुळवल्यासारखं झालं. प्रत्येक घरानं आपल्या फाटक्या जाळ्यांचं शिसं सोडून आणलं. चेअरमनच्या अंगणात कढईत वितळवून ओल्या मातीच्या साच्यात आठ तुकडे ओतले आणि ज्यानं त्यानं खिळ्यानं आपली खूण केली. म्हाताऱ्यांनी हळदीकुंकू लावलं. सभेत ठराव झाला, की पट्ट्यात आठही घरांचं शिसं राहील. गाव करील ते राव काय करील! माझाही ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी काठाजवळ तोलून पाहिलं. छातीभर श्वास घेऊनही सरळ तळाला. मी तीन तुकडे काढले, पुन्हा तोललं, आणि पाणी बरोबर डोळ्यांशी आलं. पाच किलो शिसं माझ्या मापाचं होतं. संध्याकाळपर्यंत ज्यांचे तुकडे काढले ती तिन्ही घरं आमच्या दारात. आमचंच काहून काढलं, आम्ही काय सोसायटीत नाही का, आमचं शिसं काय बाटलंय का? माझ्या आईला दोन बाया पाणी भरताना टाकून बोलल्या. वडील म्हणाले, घाल बाबा सगळे, एवढा दमाचा गडी तू, तीन किलोनं काय होतंय? मी तिन्ही तुकडे परत ओवले.

तीन आठवड्यांनी पंपवाला बुडाला. उपसा सिंचन सोसायटीचा पंप चालवायचा. बौद्धवस्तीतला, माझ्याच वयाचा. निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची, पण पंपाची नोकरी लागल्यापासून तो आणि बायको गावातच राहिले होते. पंपाच्या नळाच्या तोंडात गाळ आणि शेवाळ अडकलं म्हणून तो पिंपांच्या तराफ्यावरून गेला. तराफा उलटला. लोकांनी गळ टाकले, पण ते बाभळींत अडकून तुटले. दुपारी मला बोलावणं आलं. काठावर त्याची बायको बसली होती. माझ्या अंगातला सूट बघून ती उठली. तिनं माझ्याकडं ज्या भरवशानं बघितलं, त्या भरवशानं कुणी कधी बघितलेलं नाही.

वडील दोरी धरून, सरळ केलेल्या तराफ्यावर. मी उतरलो तो दगडासारखा गेलो. खाली गाळानं काहीच दिसत नव्हतं. पाय तळाला टेकले नाहीत, आत गेले. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मी हातांनी चाचपत होतो. जुनं जाळं हाताला लागलं आणि त्या जाळ्यात एक दंड लागला. शर्टाची बाही, आणि तिच्या आत माणसाचा दंड.

तो मी घट्ट धरला. ओढला की तो थोडा वर यायचा आणि मी तेवढाच खाली. दोरीला झटके दिले. वरून ओढ आली, पण दोरीही जाळ्यात गुंतलेली. गाळ कमरेला आला तेव्हा माझी गाळण उडाली. हवेचा काटा डोळ्यांपाशी धरला तरी दिसेना. त्याला सोडलं. एका हातानं दोरीची गाठ सोडली, दुसऱ्यानं पट्ट्याचं बक्कल ओढलं. शिसं गेलं आणि जाड सुटानं मला बुचासारखं वर फेकलं.

काठावर तिनं एवढंच विचारलं, "हाताला काई लागलं का, भाऊ?"

"न्हाई," मी म्हणालो.

का म्हणालो ते सांगतो. लागलं म्हटलं असतं तर पुन्हा जा म्हणाले असते. शिसं नव्हतं, पण दगड बांधून जा म्हणाले असते, आणि मी गेलो असतो तर वर आलो नसतो, असं मला वाटत होतं. मी भ्यालो होतो. वडिलांनी तराफ्यावरून माझ्या रिकाम्या कमरेकडं बघितलं आणि हातातलं दोरीचं टोक पाण्यात सोडून दिलं. लोक दुसऱ्या बाजूला, धरणाच्या भिंतीकडं, गळ टाकत राहिले. मी ते बघत राहिलो.

पंप दुरुस्त झाला. खालच्या गावांना प्यायला पाणी सोडायचं होतं, म्हणून पाणी रोज हातभर उतरत गेलं. ती रोज सकाळी काठावर येऊन बसायची. मी त्या वाटेनं जाणं सोडलं.

अकराव्या दिवशी बाभळीची खोडं उघडी पडली. तो जाळ्यात होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर गाळात आमचा पट्टा पडला होता, आठही तुकड्यांसकट. लोकांनी दोन्ही बघितलं. चेअरमन बूट झटकायला लागले. कुणी माझ्याकडं बघेना.

तिनंच बघितलं. ओरडली नाही, रडलीसुद्धा नाही.

"नुसती जागा सांगितली असती तरी झालं असतं," ती म्हणाली. "मी उतरले असते."

मग ती पदर खोचून गाळात शिरली आणि त्याच्या अंगावरचं जाळं बोटांनी सोडवायला लागली. मी काठावर उभा होतो.