अजिंठ्याआधी पातूर

वैशाखी पौर्णिमेला अकोल्याहून अजिंठ्याला पायी जायचं ठरलं आणि मला जागेपणीच स्वप्नं पडायला लागली. मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, अजिंठा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. वाटायचं, आपण दारात उभे राहिलो की भिंतीवरची माणसं मान वळवून बघतील. बौद्ध धम्माच्या दीक्षेला काही वर्षं झाली होती, पण आमच्या वस्तीतून अजून कुणी असं चालत गेलं नव्हतं. त्यामुळे सोबत काय न्यायचं, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

बाबांची अट एकच. "आक्का येत असन त जाय. नाई त बस घरी." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. ती एका पायावर तयार होती. पण आम्हाला नेणारे गुरुजी, वस्तीतल्या शाळेतले मास्तर, म्हणाले की आधी चैत्रात सगळं ओझं घेऊन पातूरला चालून दाखवा. टिकेल तो अजिंठ्याला येईल. म्हणजे आत्या पातूरला अडली, की माझाही अजिंठा संपला.

माझ्या पिशवीत दोन जाड पुस्तकं, टॉर्च, आरसा आणि पावडरचा डबा होता. आत्याने पिशवी उचलून पाहिली. "लगन करून नांदाले चालली काय वं?" असं म्हणून तिने अर्धी रिकामी केली. तुम्ही निघणार असाल तर तिचं ऐका. भाकरी आणि जवसाची चटणी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते. फुटाणे-गूळ, पाण्याची छागळ, तळपायाला तिळाचं तेल आणि उन्हासाठी जवळ एक कांदा, एवढं बस. तिने स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या होत्या आणि आठवडाभर त्या घरात घालून मऊ केल्या होत्या.

पहाटे निघालो. रस्ताभर कडुनिंब फुलले होते. कपाशीच्या पराट्या उपटलेली काळी वावरं अंधारात तळ्यासारखी दिसत होती, आणि त्यांच्या काठाने आपण चालत नाही, तरंगतोय असं वाटत होतं. पुढे आत्या कसलीशी जुनी चाल गुणगुणायची, मग मध्येच गप्प व्हायची. उजाडल्यावर कापशीच्या तलावाजवळ थांबलो. दहा नये पैशांत पितळी पेला भरून चहा मिळाला, अर्धा गूळच.

तिथे गुरुजींचं लक्ष आत्याच्या पायांकडे गेलं. पाय अनवाणी, चपला काखेत. त्यांना वाटलं, माहूरच्या देवीला अनवाणी जायची तशीच ही जुनी रीत. ते हळूच पण स्पष्ट बोलले, "आक्का, नवस फेडायला नाही निघालो आपण. वैशाखात सडक तापते. असं चालणार असाल तर मी नेणार नाही." आत्याने खाली पाहिलं. तिलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. तिने चपला घातल्या. पण पुढच्या गावाच्या वेशीवर त्या पुन्हा काखेत, गाव सरलं की पायात.

पातूरच्या लेण्यांत शिरलो तेव्हा डोळ्यांपुढे आधी फक्त काळोख आला. मग खांब, मग गार ओटा. बाहेर ऊन पांढरं झालं होतं आणि आत कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी शांतता होती. आत्याला न्याच, अशी मी गुरुजींची विनवणी करू लागले, तर आत्यानेच मला थांबवलं.

"नवस नाई गुरुजी," ती म्हणाली. "गाव दिसलं का हात आपोआप खाली जाते. आमच्या गावात पाटलाच्या ओट्यापुढून चपला हातात घेऊनच जा लागे. लहानपणापासून तसंच. आता कोनी म्हनत नाई, पन पायाईले कोन सांगन?"

मी तिच्या तळपायांकडे बघत बसले. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ओळखीच्या घरी अंगणात झोपून पहाटे परत निघालो. पहिल्या गावाची झाडं दिसली तशी आत्या थांबली. आम्ही सगळे थांबलो. ती वाकली. चपलेचा पट्टा घट्ट केला आणि पदर सावरून सरळ गावातून चालत गेली, मधोमध. कुणी बघितलंसुद्धा नाही. विहिरीवरच्या एका बाईने फक्त विचारलं, कोन्या गावच्या वं माय? आत्याने ठसक्यात सांगितलं, "अकोल्याच्या." वेशीबाहेर आल्यावर ती दगडावर बसली आणि घटाघटा पाणी प्यायली.

घरी बाबांनी विचारलं, काय ठरलं? मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मी जातो. पोरीले यायचं असन त येऊ दे." आम्हाला दारापर्यंत सोडायला आलेल्या गुरुजींनी हसून मान डोलावली.

माझे पाय चार दिवस ठणकले. डोळे मिटले की तो गार काळोख दिसायचा, आणि त्याच्यापुढे माझ्या पुस्तकातली चित्रं फिकी वाटायला लागली होती. आत्याने मला नकाशा घेऊन जवळ बसवलं. अजिंठा किती मैल आहे, हे ती विचारत नव्हती. वाटेत गावं कोणती, हे हवं होतं. मी वाचलं: बाळापूर, खामगाव, बुलडाणा.

"हे मोठाली झाली," ती म्हणाली. "मधली बारकी गावंबी सांग."