आठ-तीन अण्णा

अण्णांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे आणि प्रत्येक चिठ्ठीवर रोमन लिपीत आठ अक्षरं, एक टिंब, मग तीन अक्षरं. नाचणीच्या पिठाचा डबा RAGIPITH.NEW. शेजारी RAGIPITH.OLD. "जुनं आधी संपवायचं," ते बजावत. लांब नावाचा पदार्थ घरात आला की त्याची शेपटी कापली जाई. आठ-तीन अण्णा हे नाव कारखान्यातल्या लोकांनी चिडवायला ठेवलं होतं. अण्णांनी ते मिरवलं.

के. आर. पुरमला ते आमच्या मागच्या गल्लीत राहत. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात त्यांची सारी नोकरी झाली. त्या वेळच्या संगणकावर फाइलीला आठच अक्षरांचं नाव देता येई आणि टिंबापुढे तीन. इतर कुरकुरत. अण्णा खूश.

"डायरेक्टर असो की झाडूवाली, आठच अक्षरं," ते म्हणत. "एवढी समता तुझ्या पत्रकात तरी आहे का गं पुट्टी?"

पुट्टी म्हणजे मी, त्यांच्या कन्नडात छोटी पोर. माझे बाबा युनियनची पत्रकं छापत. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. असली टोमणेबाजी मी सोडते थोडीच!

"समता नियमाने येत नाही अण्णा, लढून येते."

"सरी, बरं, लढ. पण कागद कुठे ठेवलास ते लक्षात ठेवून लढ."

हे न ऐकणं मला लवकरच भोवणार होतं. त्याच कारखान्याच्या कँटीनमधल्या कंत्राटी बायकांचा खटला कामगार न्यायालयात उभा राहिला आणि त्यांच्या बाजूने कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं. वर्षानुवर्षं भात शिजवलेल्या लक्ष्मक्काला व्यवस्थापन सांगत होतं, तू इथे कधी नव्हतीसच. माणसाला कामावरून काढणं अन्याय आहे. तो कामावर होता हेच पुसून टाकणं त्याहून नीच आहे. हजेरीची जुनी रजिस्टरं 'सापडत नव्हती'. अण्णांकडे मात्र त्यांच्या फाइली होत्या. जुने संगणक भंगारात गेले तेव्हा साहेबांची लेखी परवानगी घेऊन त्यांनी त्या फाइलींच्या फ्लॉप्या घरी आणल्या होत्या.

"स्वल्प जपून," फ्लॉप्या हातात ठेवत ते म्हणाले. "म्हाताऱ्या झाल्यात. एकदाच बोलतील."

फाइलींची नावं त्यांच्या पद्धतीची. मार्चची हजेरी HAJERI03, आणि टिंबापुढे खातं: कँटीनची CAN, बागेची GRD, रंगखात्याची PNT. त्या काळी ही तीन अक्षरं ज्याची त्याने ठरवायची. माझ्या लॅपटॉपला ती कळेनात. कोणत्या प्रोग्रॅमने उघडायचं ते तो त्यांवरूनच ठरवतो. मी पहिली फाइल उघडायला गेले, उघडेना. मग मी हुशारी केली. फाइली लॅपटॉपवर उतरवतानाच सगळ्यांची शेवटची तीन अक्षरं बदलून TXT केली. लॅपटॉपने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू? मी म्हटलं, सगळ्यांना हो.

कँटीनवर बाग बसली, बागेवर रंगखातं. शेवटी उरले फक्त रंगारी. फ्लॉपी पुन्हा घातली तर ती नुसती खरखरली. व्यवस्थापनाला इतकी वर्षं जे पुरतं जमलं नव्हतं, ते मी एका बटणात केलं होतं. लक्ष्मक्का पुसली गेली होती.

अण्णांकडे गेले. कसंबसं सांगितलं. ते खो खो हसायला लागले. मला संताप आला.

"हसताय काय अण्णा? सोमवारी तारीख आहे!"

"अगं, हेच मी केलेलं! आमचा प्रोग्रॅम फाइलीची जुनी प्रत ठेवताना तिला BAK लावायचा. कँटीनचीही HAJERI03.BAK, बागेचीही तीच. एकीवर दुसरी. एका वर्षाच्या जुन्या प्रती गेल्या. त्या दिवसापासून मी दुसरा संच वेगळ्या नावांनी ठेवतो, खातं नावाच्या सुरुवातीलाच घालून." आणि त्यांनी RAGIPITH.OLD खाली काढला. पिठाचा वास येणारी पिशवी, पिशवीत फ्लॉप्या. CANHAJ03.

"दुसरा संच आहे हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की माणूस पहिला नीट सांभाळत नाही."

"आणि मी तरी कुठे सांभाळला?"

"म्हणून तर आता सांगतोय."

फ्लॉपी घातली. खरखर. थांबली. पुन्हा खरखर. अण्णांनी माझा खांदा घट्ट धरला होता. मग पडद्यावर नावं उतरू लागली आणि सातव्या ओळीत लक्ष्मक्का होती, महिन्याभरात एकही खाडा नाही. मी आधी त्या फाइलीची प्रत काढली.

बायकांच्या जुन्या गेटपासांशी या याद्या ताडून पाहिल्या गेल्या, तंतोतंत जुळल्या, आणि न्यायालयाने त्या मान्य केल्या. निकालानंतर लक्ष्मक्का पायरीवर बसून नुसती रडत होती, हसत होती. अण्णा तोवर मुलीकडे मैसूरला गेले होते. मी फोन लावला.

"जिंकलो अण्णा!"

"प्रती किती आहेत?"

"दोन. एक वकिलांकडे, एक माझ्याकडे. नावं वेगळी."

"सरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं.