बुधवारी माझा फोन एंगेज होता

आमच्या ओळीतल्या अकरा घरांत फोन एकट्या माझ्याकडे होता, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचे दिवस जळगावात सरत आले होते, पण आमच्या ओळीत ते अजून सरायचे होते. तोवर शेजाऱ्यांच्या अर्जांवर आणि लग्नपत्रिकांवर माझाच नंबर, पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं. म्हणजे यंत्र माझं, निरोप त्यांचा. फोन आला की मी ओट्यावर येऊन हाक मारायचो. एका माणसाला बोलवायचं असे, पण अर्धी ओळ बाहेर यावी एवढा आवाज लावायचो.

त्यात मी कॉलेजात कॉमर्स शिकवणारा, म्हणजे हिशेबात आपला हात कोण धरणार! कॉम्प्युटर घेतला, मग मोडेम घेतला. आता इंटरनेट कुणाचं घ्यायचं? एक सरकारी होतं, एक नव्या खाजगी कंपनीचं. वर्षाचं पॅकेट घेण्याआधी दोघांची थोड्या तासांची छोटी पॅकेटं मिळत, ती मी आणली. धुळ्याचा माझा मित्र खाजगीवाला. तो म्हणाला, “अरे, आमच्याकडे बटण दाबलं की पान हजर! तू बस सरकारी गाडीची वाट बघत.” त्या दिवसापासून मी पेटलो.

मोडेमच्या खोक्यावर ठळक छापलं होतं, ५६ के. माझं गणित सरळ होतं. एक एमबीची फाइल म्हणजे हजार के, भागिले छप्पन्न, म्हणजे अठरा सेकंद. जो अठरा सेकंदांत देईल तो खरा, बाकीचा चोर.

चाचणीला मी बुधवार निवडला. कॉलेजला सुट्टी होती आणि बायको माहेरी, चोपड्याला गेली होती. बुधवारी आणखी काय आहे, हे मला माहीत होतं. ते विसरलो होतो असं सांगता आलं असतं तर आज बरं वाटलं असतं.

शेजारचे नाना एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, मूळचे धुळ्याकडचे, बोलायचे अहिराणीत. त्यांची मुलगी बी.एस्सी., बी.एड. चाळीसगावच्या एका शाळेत तिची मुलाखत छान झाली होती. हेडमास्तर म्हणाले होते, “बुधवारी फोन करू. गुरुवारी हजर व्हायचं, नाही तर यादीतलं पुढचं नाव.” नाना सोमवारीच मला सांगून गेले होते.

आणि इंटरनेट चालू असलं की फोन वाजत नाही, पलीकडच्याला एंगेज लागतो, हेही मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, अठरा सेकंदांचा तर प्रश्न आहे.

पहिल्या फाइलला सात मिनिटं लागली. मी चिडलो, कंपनी बदलली. तिथे सहा, आणि शेवटच्या घोटाला कनेक्शन तुटलं. पुन्हा लावलं. वहीत आकडे मांडत गेलो, वेळेसकट. लाइन मोकळी व्हायची ती कनेक्शन तुटल्यावर, आणि तुटलं की मी लगेच पुन्हा जोडायचो.

दुपारी नाना दारात आले. “सर, उना का फोन?”

“नाही नाना. आला की हाक मारतो.”

मागे मोडेम किंचाळत होता. “हाई काय वरडी राहिनं?”

“चाचणी चाललीय,” मी म्हणालो. एखाद्या शास्त्रज्ञासारखा.

चार वाजता ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा मात्र मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी कळलं, जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. शाळा दिवसभर फोन लावत होती. नाना टेलिफोनवाल्यांवर असे भडकले की काही विचारू नका. “बठ्ठा दिन वाट पाही राहिनू मी! खंबावरना लोक झोपी ग्यात का? सर, तुमी शिकेल शेत, लिही द्या तक्रार.”

आणि मी लिहून दिली. कडक मराठीत, ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ वगैरे घालून. फोन माझ्या नावावर, म्हणून सहीही माझीच.

शनिवारी लाइनमन आला. नाना आणि त्यांची मुलगी माझ्याच खोलीत बसली होती. त्याने तारा तपासल्या, एक्स्चेंजशी बोलला आणि म्हणाला, “सर, लाइन ठणठणीत. बुधवारी पण फॉल्ट नव्हता. तुमचा नंबर एंगेज होता, सकाळपासून. कोणाशी बोलत होते एवढं?” मग त्याला मोडेम दिसला. “हां, इंटरनेट! मग कसा लागेल फोन?”

नाना माझ्याकडे बघत राहिले. 

मुलीची नजर टेबलावरच्या उघड्या वहीवर गेली. बुधवार, सकाळी दहा ते दुपारी साडेचार, आणि वर माझं अठरा सेकंदांचं गणित. तिने सगळं पान वाचलं. मग हळूच म्हणाली, “काका, हे छप्पन्न के म्हणजे सेकंदाला किलोबिट. फाइल मोजतात बाइटमध्ये. आठने भागायचं, सात येतात. आपल्याकडच्या जुन्या तारांवर अडीच, फार तर तीन. तुमचे आकडे बरोबर आहेत, काका. कुणी फसवलेलं नाही.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

लाइनमनने कागद पुढे केला. “तक्रारीचं कारण काय लिहू?”

खरं सांगायला ती जागा होती. तीन माणसं थांबली होती. मी म्हणालो, “लिहा, फॉल्ट सापडला नाही.” आणि खाली सही केली.

संध्याकाळी माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो. ती दुसऱ्या शाळेचा अर्ज भरत होती. इंग्रजी तपासायला म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. कुठे चूक नव्हती. फोनच्या रकान्यात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा नंबर होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नाना म्हणाले, “सर, च्या ल्या.”

मी चहा घेतला. अर्ज चांगला झालाय म्हणालो, आणि घरी आलो.