आपांची खुर्ची

आपा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, आज सकाळी गावी गेल्या. त्या बसून नमाज पढायच्या ती खुर्ची अजून भिंतीशी आहे.

त्यांचे गुडघे गेलेत. रात्री इशाची अजान झाली की त्या चार फर्ज आणि तीन वित्र, अशा न चुकवता येणाऱ्या सातच रकात, म्हणजे नमाजाची आवर्तनं, पढायच्या. मी शेजारी उभी राहून जास्तीच्या धरून सतराच्या सतरा रकात सावकाश पढायची.

काल म्हणाल्या, "किती मन लावून पढतेस गं! तुझ्यापुढे मी अगदीच कामचोर."

मी मान खाली घातली. मग माझ्याबरोबर सगळ्या पढायच्या म्हणून त्या खुर्ची धरून उभ्या राहिल्या आणि कळवळून खाली बसल्या. तेव्हाही मला सांगवलं नाही की, एकटी असले की मी भांडी आवरेपर्यंत इशा लांबवते आणि पेंगत पेंगत सातच पढते.

त्यांच्या सात अल्लाहसाठी होत्या. माझ्या सतरा आपांसाठी.

आज सगळ्या पढायच्या, असं दिवसभर घोकत होते. अजान झाली, उभी राहिले. सात झाल्या आणि हात आपोआप नमाजासाठी अंथरलेली जानमाज गुंडाळू लागला.

खुर्चीकडे बघवलं नाही.