पुलाखालचा मासा

परवा म्हसावदच्या घरी कपाट आवरताना व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट हाती लागली. सवयीने मी तिच्यात फुंकर मारली आणि मला सुनंदा आठवली.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चौघी चुलत बहिणी टीव्हीसमोर बसायचो. गेममधला माणूस पूल ओलांडू लागला की खालच्या पाण्यातून लाल मासा आ वासून उसळायचा. सुनंदाचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला होता. एका दुपारी मासा उसळला आणि जणू सुनंदाच आली अशा थाटात मी ओरडले, “ती देख, सुनी उनी!”

बाकी दोघी लोळून हसल्या. मग प्रत्येक माशाला आम्ही तिच्याच नावाने हाक मारू लागलो. ओठांवर हात ठेवून तीही हसली. थोड्या वेळाने म्हणाली, “आते मन्हा नंबर शे ना?”

तिने रिमोट घेतला, माणूस पुलाच्या मध्यावर नेला आणि तिथेच उभा ठेवला. मासे येऊन धडकत राहिले. माणूस तीनदा मेला, तरी तिने एकही बटण दाबलं नाही. मग रिमोट खाली ठेवून ती निघून गेली आणि पुन्हा कधी खेळायला आली नाही.

आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते. त्या दुपारी मात्र माझा नंबर लवकर आला म्हणून मला आनंदच झाला होता.