मागच्या सीटवरचे मामा

साडीगार्डमामा कुणाबरोबर नवी मोटरसायकल बघायला गेले की हँडलला हातसुद्धा लावायचे नाहीत. सरळ मागच्या सीटवर बसायचे, तेही दोन्ही पाय एका बाजूला सोडून, साडी नेसलेली बाई बसते तसे. साठीचा, भरघोस मिशांचा, खिशाला टेस्टर खोचलेला माणूस असा बसला की बघणाऱ्याला हसू यायचंच. मामांना त्याचं काही नसायचं.

रोह्यात एसटी स्टँडच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. चाकात गुंतलेले पदर त्यांनी आयुष्यभर कात्रीने कापून सोडवले होते. त्यामुळे मागच्या चाकावरची जाळी, म्हणजे साडीगार्ड, काढून द्या म्हणणाऱ्या पोरांना ते उभंच करायचे नाहीत, आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. "चालवणाऱ्याला सगळंच बरं वाटतं," ते म्हणायचे. "मागचं माणूस बोलत नाय. म्हणून मी बसून बघतो."

डोलवीच्या कंपनीत मी ठेकेदाराकडे लागलो आणि रोजच्या जाण्यायेण्याला गाडी घेणं भाग पडलं. आईचाही जीव त्या गाडीत अडकला होता. तिचा थकलेला भाऊ वडखळच्या पुढे खाडीकाठच्या गावात राहतो. तिथवर एसटी जात नाही, शेवटचा कच्चा रस्ता चालावा लागतो, आणि आईचे गुडघे पार गेलेले. गाडी आली की महिन्यातून एकदा तुला भावाकडे नेईन, असं मी तिला कबूल केलं होतं.

दोन महिने मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक दीडशे सीसीची लाल, दुसरी एकशे साठची निळी. वहीत रकाने आखले: पिकअप, ब्रेक, टायर, मायलेज, किंमत. निळी मायलेजला जरा कमी, पण तिची फुगीर टाकी मला स्वप्नात दिसायची. मामांनी चष्मा लावून वही नीट वाचली आणि विचारलं, "ह्यात आईचा रकाना कुठं हाय?"

मी ते हसण्यावारी नेलं. तरी पेणला जाताना त्यांना बरोबर घेतलंच, कारण इंजिनाचा आवाज त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. पहिल्या शोरूममध्ये ते लाल गाडीवर बसले आणि खूश झाले. सीट सलग, रुंद, पाय टेकायला जागा. दुसऱ्या शोरूममध्ये निळीची मागची सीट चांगलीच उंच, वीतभर रुंदीची आणि पुढे उतरती. मामा कसेबसे चढले, एका अंगाला बसले आणि घसरले. पडू नये म्हणून त्यांनी सेल्समनचा खांदा धरला. तिथे आलेली पोरं फिदीफिदी हसली, एकाने तर मोबाईल काढला. सेल्समनने मला विचारलं, "काका तुमच्याबरोबर आलेत का?"

"नाय," मी म्हणालो.

मामांनी ते ऐकलं. ते सावकाश उतरले, बाजारात जरा काम आहे असं त्या सेल्समनला सांगितलं आणि बाहेर पडले. मी त्यांच्यामागे धावायला हवं होतं. मी निळी बुक केली. ते एकटेच एसटीने रोह्याला परतले.

गाडी आली त्याच रविवारी आईला मागे बसवून निघालो. नागोठण्याच्या अलीकडेच तिने पाठीवर थाप मारून थांबायला लावलं. उतरली तर तिला धड उभंही राहता येईना. मला आपलं एसटीतच बसव, म्हणाली. पुन्हा त्या गाडीवर बसायचं नाव तिने काढलं नाही, आणि मला कधी बोलही लावला नाही. आजही ती भावाकडे एसटीने जाते आणि पुढचा कच्चा रस्ता थांबत थांबत चालते. साडीगार्ड मी आठवडाभरातच काढून टाकला. मागे बसणार तरी कोण होतं?

पुढे मामांनी गॅरेज बंद केलं. ते मुलीकडे पनवेलला निघायच्या आदल्या दिवशी मी माफी मागायला गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. मामा जुने पाने गोणपाटात बांधत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "आई बसते ना रं मागं नीट?"

नाही म्हटलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "बसते की."

मामांनी हातातला पाना गोणपाटात टाकला. मग म्हणाले, "बरं झालं. म्हणजे त्या दिशी माझंच चुकलं. उगाच तुला चार लोकांत खाली बघायला लावलं." माफी मागायला मी गेलो होतो आणि मागितली त्यांनी. मला स्वतःची लाज वाटली, तरी मी फक्त गोणपाटाला गाठ मारायला हात लावला.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या एकाला मोटरसायकल घ्यायची होती. बघायला याल का, म्हणून त्याने मामांना फोन केला. मामांनी नको म्हटलं. आपला अंदाज आता चुकतो, म्हणाले, आणि त्याऐवजी माझं नाव सुचवलं, त्याची निवड बरोबर निघाली होती म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात उभा राहून हे सगळं मला कौतुकाने सांगत होता. आत आई भावाकडे जायला पिशवी भरत होती. एसटी चुकेल म्हणून तिची घाई चालली होती.